आम्ही हवा मोजली ती दिवाळी

मुळशी तालुक्यातील तमाम नागरिकांना, पौडच्या थांब्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या प्रवाशांना, कोळवण खोऱ्यात विळा घेऊन वाकलेल्या बंधू-भगिनींना आणि ज्यांचा या गोष्टीशी काडीचाही संबंध नाही अशा इतर सर्वांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ई-जर्नलांच्या नूतनीकरणाचा हंगाम आजपासून सुरू झाला आहे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. शाळा, दवाखाने आणि पिठाच्या गिरण्या नेहमीप्रमाणे चालू राहतील.

घोषणा संपली. बसा आता.

आज सकाळी ते पत्र आलं. पत्र म्हणजे ईमेल, पण मी अजून पत्रच म्हणते. आपलं लायसन्स एकतीस डिसेंबरला संपत आहे, पुढं चालू ठेवायचं की नाही ते कळवावं. खिडकी उघडी होती. टेकडीच्या खाली, कोळवणच्या रस्त्याच्या अंगाला, भात कापायला सुरुवात झाली आहे. कापलेल्या भाताचा वास कसा असतो ते मला सांगता येत नाही. मी परभणीकडची, आमच्याकडे ज्वारी. इथं नोकरीला आले तेव्हा पहिल्या वर्षी मला वाटलं, कुणीतरी शेजारच्या खोलीत इंद्रायणीचा भात शिजवतंय आणि आपल्याला बोलवत नाही. तो वास आणि लायसन्स संपल्याचं पत्र दरवर्षी एकाच आठवड्यात येतात. त्यामुळे माझ्या नाकाला आता भाताच्या वासात थोडी कायद्याची भाषा लागते.

आणि मग २००६ सालची दिवाळी आठवते. ती दरवर्षी आठवते. मी ती ज्यांना ज्यांना सांगितली आहे त्यांनी आता चहा घेऊन बाहेर जायला हरकत नाही.

तेव्हा आमचे ग्रंथपाल होते निंबाळकर सर. बुटके, सफारीतले, खिशात कायम ओल्या स्पंजची डबी. पानं उलटायला बोटाला थुंकी लावणारा माणूस त्यांना दिसला की ते ती डबी शांतपणे त्याच्यापुढे सरकवत. कुणाला कधी रागावल्याचं आठवत नाही. कपाटाचं दार अडकलं तरी ते दाराला 'अहो' म्हणतील असं आम्हाला वाटायचं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या ताब्यातलं एकही पुस्तक हरवलं नव्हतं. एक हरवलं होतं असं लोक म्हणायचे, पण ते सातव्या वर्षी एका प्राध्यापकांच्या माळ्यावर सापडलं आणि सर स्वतः शिडी चढून ते घेऊन आले. त्या डिसेंबरात ते निवृत्त होणार होते.

मी सहायक ग्रंथपाल. आणि तिसरे किसनमामा, ग्रंथालयाचे परिचर. रोजंदारीवर. कोळवण खोऱ्यातल्या एका वाडीचे, वय पन्नाशीच्या थोडं पुढं. सकाळी आठला इमारत उघडणारे तेच आणि संध्याकाळी कुलूप लावणारे तेच. मामांची जमीन त्यांच्या भावकीनं मिळून त्या दिवाळीच्या आठ वर्षं आधी पुण्याच्या एका साहेबांना विकली. तिथं आता लाल कौलांचा बंगला आहे. साहेब वर्षातून दोनदा येतात, आणि खालच्या चार खाचरांत मामांना भात लावू देतात, त्या बदल्यात मामांनी राखण करायची. बंगल्याच्या दारात एक आंब्याचं झाड आहे, मामांच्या वडिलांनी लावलेलं. त्याचे आंबे उतरवायचे असले की मामांना आधी पुण्याला फोन करावा लागतो. हे ते कुठलीही कुरबुर न करता सांगत. एकदा फोन लागला नाही म्हणून आंबे झाडावरच पिकले आणि माकडांनी खाल्ले, ती हकिगत तर ते हसत हसत सांगत.

आता जर्नलांबद्दल. पूर्वी जर्नलं टपालानं यायची. पौडला पार्सल आलं की मामा जीपनं जाऊन घेऊन यायचे. परदेशी खाकी कागद, त्याला एक वेगळाच डिंकाचा वास. सर तो कागद कधी फाडत नसत, सोडवत. मग अंकाला दाखल क्रमांक पडायचा आणि तीन शिक्के बसायचे: पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि गुप्त पानावर. गुप्त पान म्हणजे प्रत्येक ग्रंथालयाचं एक ठरलेलं पान असतं. चोरानं पहिलं आणि शेवटचं पान फाडलं तरी मधल्या त्या पानावरचा शिक्का पुस्तक कुणाचं ते सांगतो. आमचं गुप्त पान कुठलं, हे सरांनी मला नोकरीला एक वर्ष पूर्ण झाल्यावर, दार लोटून घेऊन सांगितलं. मी ते घरी नवऱ्यालाही सांगितलं नाही. इथंही सांगणार नाही.

मग ई-जर्नलं आली. म्हणजे आली असं आम्हाला सांगण्यात आलं. पार्सल नाही, कागद नाही, डिंक नाही. समुद्रापारच्या एका प्रकाशन कंपनीशी करार झाला आणि एका सकाळी संगणकावर तीनशेच्या वर जर्नलं उघडायला लागली. सर माझ्या मागे उभे राहून बघत होते.

"शिंदे बाई, ही सगळी आपल्याकडे आहेत?"

मी म्हणाले, हो सर.

"कुठे आहेत?"

त्यांच्या सर्व्हरवर, मी म्हणाले. सर्व्हर कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, समुद्रापार असेल कुठंतरी. सरांनी स्पंजची डबी उघडली, बंद केली.

"मग आपल्याकडे काय आहे?"

हा प्रश्न त्यांनी इतक्या साधेपणानं विचारला की मला उत्तर द्यायची गरजच वाटली नाही. चूक तिथं झाली.

कंपनी आम्हाला ओळखायची ती आमच्या संगणकांच्या नंबरांवरून. विद्यापीठाच्या आवारातल्या जोडणीला काही ठरलेले आकडे होते. त्या आकड्यांवरून कुणी आलं की त्यांचं फाटक उघडायचं, नाहीतर नाही. आवारातला कुणीही चालेल, आवाराबाहेर खुद्द कुलगुरू असले तरी चालणार नाहीत. मी हे मामांना समजावत होते तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवलं. म्हणाले, कळलं. आमच्या बंगल्यावर बी तसंच हाय. माणूस न्हाई वळखायचा, गाडीचा नंबर वळखायचा. पुढं अनेक वर्षं मी विद्यार्थ्यांना हे असंच शिकवत आले आहे, आणि श्रेय दिलेलं नाही. ते आज देते.

दर दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे साठा पडताळणी व्हायची. ग्रंथालय बंद, आणि एकेक पुस्तक हातात घेऊन नोंदवहीशी ताडून बघायचं. सुरुवातीला मामा नारळ फोडायचे. मोजायलाही तेच. त्यांची मोजणी खळ्यावरची: पहिल्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. धान्य मापताना तसं म्हणतात, तेच त्यांनी पुस्तकांना लावलं होतं. लाभ, दोन, तीन, चार. सर पलीकडून नोंदवहीत खूण करत. दुपारी खिडकीतून झोडपणीचा आवाज यायचा, पेंढ्या फळीवर आपटल्याचा, धप्, धप्, आणि आत मामांचा आवाज. आमच्या मोजणीला आणि त्यांच्या झोडपणीला एकच ताल यायचा. हिशेब बरोबर निघाला की सर पेढे आणायचे. तो दर वर्षी बरोबरच निघायचा, तरी शेवटच्या दिवशी त्यांचा चेहरा परीक्षेच्या निकालाचा असायचा.

तर ही त्यांची शेवटची पडताळणी. पुस्तकं झाली. छापील जर्नलं झाली. नोंदवही मिटायची वेळ आली आणि सर म्हणाले, ई-जर्नलं राहिली.

मी म्हणाले, सर, ती कशी मोजणार?

ते म्हणाले, आहेत ना? मग मोजता आली पाहिजेत. पुढच्या माणसाच्या ताब्यात मी काय देणार, हवा?

त्यांचा बेत तयार होता. प्रत्येक अंक उघडायचा. त्यातला प्रत्येक लेख संगणकावर उतरवून घ्यायचा, आहे याची खात्री म्हणून. प्रत्येक लेखाचं पहिलं पान छापायचं, त्यावर दाखल क्रमांक टाकायचा आणि शिक्का मारायचा. गुप्त पानाचा प्रश्न आला. आमच्या गुप्त पानापर्यंत बहुतेक लेख पोचतच नव्हते, त्याच्या आधीच संपत होते. सरांनी त्यावर एक अख्खी सकाळ विचार केला आणि इलेक्ट्रॉनिक साठ्यापुरतं पान क्रमांक तीन हे गुप्त पान म्हणून नेमलं. म्हणजे तेही छापायचं.

हे वाचून हसणाऱ्यांना एवढंच सांगते, तेव्हा आम्हा तिघांपैकी कुणीही हसलं नाही. मीही नाही. मला वाटलं, वा, किती बारीक विचार.

चार दिवस आम्ही ते केलं. तीन संगणकांवर मी आणि मामा आळीपाळीनं. मामांना इंग्रजी येत नव्हतं, पण बटण कुठलं ते येत होतं, आणि ते एकही चुकवत नव्हते. खिडकीबाहेर ऑक्टोबरचं ऊन, आत प्रिंटरचा गरम वास, स्टँप पॅडची जांभळी शाई आणि मामांचं लाभ, दोन, तीन. त्यांच्या खाचरातला भात कापायला आला होता. त्यांनी बायकोला आणि मेहुण्याला सांगून ठेवलं होतं, चेकिंग झाल्याबिगर मी येत न्हाई. छापलेली पानं आम्ही तांबड्या फडक्यात बांधून कपाटात रचत गेलो. सव्वीस गठ्ठे झाले. मधे मधे डांबरगोळ्या.

पाचव्या दिवशी सकाळी मामांनी हाक मारली. बाई, ह्ये काय तांबडं आलंय.

तांबड्या अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं: या संस्थेकडून पद्धतशीर आणि मोठ्या प्रमाणावर लेख उतरवले जात असल्याचं आढळल्यामुळे संपूर्ण आवाराचा प्रवेश स्थगित करण्यात येत आहे.

त्यांच्या तिथल्या यंत्रांना वाटलं होतं, मुळशीत कुणीतरी चोरांची टोळी बसली आहे.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सारिका ढमाले आली. सारिका आमच्याच वनस्पतिशास्त्र विभागात शिकवायची. माहेर कासार आंबोलीचं, घरी भातशेती, आणि पीएचडीही भातावरच: इकडच्या एका जुन्या वाणावर करपा रोग कमी का पडतो, यावर. आठ वर्षं झाली होती. परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला होता, तीन नवे लेख बघून दोन प्रकरणं दुरुस्त करा म्हणून. मुदत महिनाअखेरची नव्हे, अगदी तारखेची होती आणि बारा दिवस उरले होते. ती चुकली की नोंदणीच संपणार होती, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. तिन्ही लेख त्या एकाच कंपनीच्या जर्नलांत होते. माहेरची कापणी आटपून ती आली होती. तळहातावर विळ्याचे फोड, ओढणीला कुसळं. दोन नंबरच्या संगणकावर बसली, आणि मला हाक मारली.

मी तिला सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "कधी सुरू होईल, मॅडम?"

मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा ते लायसन्स वाचलं. बावीस पानं. शेवटच्या पानावर माझी सही होती, 'वाचले व मान्य'. सही माझीच, वळणदार. मी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले, मामांनी चहा आणून ठेवला, तो गार झाला, त्यांनी दुसरा आणला. आठव्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं: पद्धतशीरपणे लेख उतरवण्यास मनाई. नवव्यावर अधिकृत वाचक कोण, त्याची व्याख्या. चौदाव्यावर, नियमबाह्य प्रती नष्ट करण्याबद्दल. हे सगळं दीड वर्ष माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होतं. मी शेकडो लोकांना वाचा, वाचा म्हणत आले होते.

कंपनीला लिहिलं, क्षमा मागितली. उत्तर आलं: हे करणाऱ्या व्यक्तीचं नाव आणि तिच्यावर केलेली कारवाई कळवावी, मग विचार करू.

मी ते कुलसचिवांकडे नेलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, द्या ना मग नाव. तो परिचर रोजंदारीवरचा आहे ना? कर्मचारीसुद्धा नाही, म्हणजे अनधिकृत. त्याचं नाव द्या, दोन महिने घरी बसवा, विषय संपला.

आता खरं सांगायचं तर मी ते पत्र टाइप केलं. पूर्ण. मामांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मनाशी म्हणत होते की सारिकासाठी करतेय, तिचे दिवस जातायत. थोडं तसं होतंही. पण लायसन्सवर सही माझी होती, आणि मामांचं नाव टाइप होत होतं तसतसं मला हलकं वाटत होतं. तो हलकेपणा मला अजून आठवतो, आणि आठवला की बरं वाटत नाही.

सारिका रोज येऊन दोन नंबरवर बसायची. तांबडं वाक्य वाचायची, मग प्रबंधाची बाकीची पानं तपासत राहायची. त्या दिवशी पाणी प्यायला उठली आणि माझ्या संगणकापुढून जाताना थांबली. पत्र वाचलं.

"आठ वर्षं मामा मला पुस्तकं काढून देतायत," ती म्हणाली. "हे पाठवून माझं पान उघडणार असेल तर ते बंदच राहू दे. प्रबंध कपाटात पडला तर पडला."

आणि पाणी प्यायला गेली. मी पत्र पुसलं.

दुपारी सरांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कोरा कागद घेतला आणि स्वतःच्या अक्षरात इंग्रजीत पत्र लिहिलं. तीन वाक्यांचं. आदेश मी दिला. हे काम केवळ मोजणीसाठी झाले. यातील एकही पान कोणीही वाचलेले नाही, याची मी ग्वाही देतो.

ते तिसरं वाक्य वाचून कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत काय झालं असेल याची मी अनेकदा कल्पना केली आहे. एवढं नक्की की त्यांनी उत्तर पाठवलं नाही, माणूस पाठवला.

माणूस म्हणजे नीरज. तिशीतला, लॅपटॉपवाला, घामेजलेला. दोन तास उशिरा पोचला, कारण कोळवणच्या फाट्यावर लोकांनी भाताच्या पेंढ्या डांबरी रस्त्यावर पसरल्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांखाली फुकट मळणी होते. त्याच्या गाडीच्या चाकांत पेंढा अडकला होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. सारिकाच्या हातात त्या दिवशी चार दिवस उरले होते. ती कोपऱ्यात फाइल मांडीवर घेऊन बसली होती. कुलसचिवही खाली उतरून आले होते.

नीरज हिंदी-इंग्रजीत सुरू झाला. डाउनलोड किसने किया? मामा म्हणाले, मी. बटन मी दाबलं. नीरजनं कुलसचिवांकडे पाहिलं, ये ऑथराइज्ड यूजर हैं? कुलसचिवांनी घसा साफ केला. ते बोलायच्या आत मी बोलले, कारण नववं पान मला आता पाठ होतं. ग्रंथालयाच्या इमारतीत स्वतः चालत येऊन उपस्थित असलेली कोणतीही व्यक्ती अधिकृत वाचक समजली जाईल.

"हे रोज सकाळी आठला स्वतःच्या पायांनी आत येतात," मी म्हणाले. "इमारत उघडतात तेच. यांच्याइतकं अधिकृत इथं कुणी नाही."

मी नाटकात कधी काम केलं नाही, पण त्या क्षणी एक हात हवेत होता असं सारिका सांगते. नीरज नववं पान काढून वाचत बसला. मग मराठीत म्हणाला, बरोबर आहे. निघाला साताऱ्याचा.

त्याला पानं बघायची होती. सरांनी किल्ल्यांचा जुडगा काढून कपाट उघडलं. सव्वीस तांबडे गठ्ठे. डांबरगोळ्यांचा वास बाहेर आला. नीरजनं एक गठ्ठा सोडला, पानं चाळली, दुसरा सोडला. प्रत्येक पानावर गोल जांभळा शिक्का, सरळ, एकही तिरका नाही, खाली आकडा.

"पहिल्या पानावर ठीक आहे," तो म्हणाला. "पण तिसऱ्यावर का?"

सरांनी आधी दार लोटून घेतलं. एकतीस वर्षांत त्यांनी बाहेरच्या माणसाला ते सांगितलं नव्हतं. मग खालच्या आवाजात म्हणाले, ते गुप्त पान आहे.

नीरज खुर्चीवर बसला. हसला नाही, याचं मला अजून कौतुक वाटतं. म्हणाला, सर, आमच्याकडे वाटलं होतं की कुणीतरी हे बाहेर विकतंय. मग म्हणाला की त्याचा विश्वास बसला आहे, पण नियम आहे. ही पानं आणि उतरवलेल्या फाइली, सगळं त्याच्यासमोर नष्ट करावं लागेल. ते झालं की तो लगेच फोन करील.

चौदावं पान. मला ठाऊक होतं. सरांना सांगायचं धैर्य मला झालं नव्हतं.

सर म्हणाले, दाखल झालेला साठा असा नष्ट करता येत नाही. निर्लेखन करावं लागतं, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी करावं लागतं. त्याला तिघांची समिती लागते. नीरजनं घड्याळ पाहिलं. सरांनी जागच्या जागी समिती नेमली: अध्यक्ष ते स्वतः, सदस्य मी, आणि अध्यापकांच्या वतीनं सारिका ढमाले. मग त्यांनी नोंदवही उघडली. प्रत्येक नोंदीसमोर 'निर्लेखित' लिहून सही करायची असते. पहिल्या ओळीवर त्यांनी ते लिहिलं, सुवाच्य. दुसऱ्या ओळीवर लिहिलं. नीरजनं हळूच विचारलं, अशा किती ओळी आहेत? सर म्हणाले, परवा संध्याकाळपर्यंत होईल.

  सारिका समितीची सदस्य म्हणून टेबलाशी येऊन उभी होती, आणि तिचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर होते. सरांची नजर त्या तळहातांवरच्या फोडांवर गेली. मी ती जाताना पाहिली. खालून झोडपणीचा आवाज येत होता.

सरांनी तांबड्या शाईचं पेन घेतलं, पट्टी घेतली, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत सबंध पानावर एक तिरकी रेघ ओढली. मग पान उलटलं आणि दुसरी ओढली. निवृत्तीला दोन महिने उरलेला माणूस. स्पंजला हात न लावता, बोटाला थुंकी लावून ते पानं उलटत होते. शेवटच्या पानावर तिघांनी एकेकच सही केली आणि पट्टी त्यांनी परत खणात ठेवली.

पानं आम्ही व्हरांड्यात फाडली. सगळ्यांनी, नीरजनंसुद्धा बाह्या वर करून. कुलसचिव आधी उभे होते, मग तेही बसले. मामांनी फाडताना प्रत्येक शिक्का मधोमध फाटेल असं बघितलं. काही तुकडे वाऱ्यावर खाली खाचरांकडे गेले; मामा जाऊन तेही वेचून घेऊन आले. फाइली मी पुसल्या. नीरजनं फोन लावला आणि अर्ध्या तासात दोन नंबरच्या संगणकावरचं तांबडं वाक्य गेलं.

सारिकाचे तिन्ही लेख उघडले. तिन्हींपैकी कामाचा एकच निघाला, पण तो फार कामाचा. एक दिवस हातात ठेवून तिनं प्रबंध दिला. आज तिच्या दारावर डॉक्टर अशी पाटी आहे आणि लायसन्सचं पत्र आलं की ती मला वर येऊन विचारते, मॅडम, सगळी पानं वाचली ना? मी दरवर्षी वाचते. व्हरांड्यात, त्याच खुर्चीत. मामा चहा आणून ठेवतात.

सर डिसेंबरात निवृत्त झाले. ताबा देताना त्यांच्या यादीत छापील पुस्तकांपुढं आकडा होता, छापील जर्नलांपुढं आकडा होता. इलेक्ट्रॉनिक साठ्यापुढं त्यांनी लिहिलं होतं: परवानगी, एक वर्षाची. यावर्षीही मी तेच लिहिणार आहे. याहून बरोबर नोंद मला सुचलेली नाही.

पण त्या दुपारी अजून ही नोंद व्हायची होती. पानं फाडून झाली होती, सारिका आत वाचत होती, आणि आम्ही व्हरांड्यात चहा पीत होतो. तांबडी फडकी घडी करत मामांनी सरांना विचारलं, की एवढं समदं आपण घेतलं होतं, तर फाडायचं कशापायी? सरांनी त्यांना नीट समजावलं. मामा, आपण घेतलं नव्हतं. ते त्यांचंच आहे आणि त्यांच्याकडेच राहणार. आपल्याला वर्षभर बघायची मुभा आहे. एकेक लेख काढून वाचावा, हरकत नाही. पण भरून ठेवायचं नाही, आणि वेगळं काही करायचं तर त्यांना विचारावं लागतं. डिसेंबर संपला आणि त्यांनी फाटक लावलं की आपण बाहेर.

मामांचा हात फडक्यावर थांबला. नीरज समोर बसला होता, कुलसचिव शेजारी, आणि मामा कुणाकडेच न बघता मोठ्यानं बोलून गेले:

"आयला, म्हंजी आमच्या आंब्यावानीच हाय की ह्ये. झाड दारात, अन् उतरवायचं झालं तर पुण्याला फोन लावायचा."